पोलंड-चेक सीमेवरची कार्कोनोशे धार: दोन दिवसांत नीट कशी चालायची

कार्कोनोशे डोंगररांगेतलं सर्वोच्च शिखर श्न्येश्का 1603 मीटर. आपलं कळसूबाई 1646. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सह्याद्रीत भटकलेला माणूस म्हणतो, 'हे तर कळसूबाईहून 43 मीटरने बुटकं. सकाळी चढू, संध्याकाळी उतरू.' बहुतेक चुकांची सुरुवात या हिशेबातून होते. कार्कोनोशे जवळजवळ 51 अक्षांशावर आहे. माथ्यावर वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, साधारण 1250-1300 मीटरच्या वर जंगल संपतं, आणि तिथून पुढे आडोसा म्हणून फक्त कमरेएवढी पाइनची झुडपं.

दुसरी चूक सीमेमुळे होते. पश्चिमेच्या श्रेनित्सा शिखरापासून पूर्वेच्या ओक्राय खिंडीपर्यंतची ही 'पोलंड-चेक मैत्रीची वाट' दोन देशांच्या मधोमध जाते. कधी एक पाऊल पोलंडमध्ये, दुसरं चेकमध्ये. पूर्वी इथे सीमारक्षकांची गस्त असे आणि सीमा ठरावीक ठिकाणीच ओलांडता येई. 21 डिसेंबर 2007 ला दोन्ही देश शेंगेनमध्ये आले आणि तपासणी उठली. चालणाऱ्याला आता सीमा जाणवत नाही. मात्र पैसे, तिकीट, विमा, फोन, बस आणि पाटीवरचं गावाचं नाव या सगळ्यांना ती जाणवते. एकाच देशाची तयारी करून गेलेला माणूस अर्ध्या वाटेत अडतो.

व्रोत्स्वाफ, प्राग, ड्रेस्डेन इथे नोकरी-शिक्षणासाठी असलेले आणि उन्हाळ्यात आईवडिलांना किंवा मित्रांना घेऊन जाणारे मराठी लोक डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे.

टप्पा 1: महिना आणि दिशा ठरवा

वाट साधारण 30 किमीची. पाय तयार असलेले लोक ती एका दिवसात मारतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन दिवस धरावेत, मधला मुक्काम कार्कोनोस्का खिंडीत.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा. मे महिन्यात खाली शहरात सफरचंदं फुललेली असली तरी वर घळींमध्ये बर्फ असतो आणि काही वाटा हिवाळी बंदीतून सुटलेल्या नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात आणि गर्दी मरणाची. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: वादळं कमी, शाळा सुरू झालेल्या, आणि उजेड अजून तेरा तासांच्या आसपास. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की साडेचारलाच दिवस मावळतो. मग हेच अंतर वेगळंच प्रकरण होतं.

हिवाळ्यात पहिल्यांदा जाऊ नका. कड्यांच्या काठाबाहेर बर्फाचा छज्जा वाढतो. वरून तो सपाट जमिनीसारखा दिसतो आणि त्याच्याखाली काही नसतं. याच रांगेतल्या ब्यावी यार घळीत 20 मार्च 1968 ला हिमकडा कोसळून 19 माणसं गेली.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. वारा बहुधा पश्चिमेचा, त्यामुळे तो पाठीवर राहतो, आणि दुपारचं ऊनही डोळ्यांत येत नाही. उलट गेलात तर दोन दिवस तोंडावर वारा खात चालाल.

टप्पा 2: आधी मुक्काम, मग रेल्वेचं तिकीट

बरेच जण उलट करतात. स्वस्त रेल्वे तिकीट मिळालं म्हणून काढतात आणि मग खिंडीत जागा नसते. खिंडीत राहण्याची ठिकाणं मोजकी: पोलिश बाजूला ओद्रोजेन्ये आणि चेक बाजूला श्पिंडलेरोवा बोउडा. ओद्रोजेन्ये हे पीटीटीके या पोलिश पर्यटन संस्थेचं हट आहे: सामायिक खोल्या, साधं जेवण. चादरीचे पैसे वेगळे पडू शकतात, म्हणून पातळ स्लीपिंग बॅग लायनर जवळ ठेवा. श्पिंडलेरोवा बोउडा हॉटेलसारखं आहे आणि खिशालाही तसंच. आईवडील बरोबर असतील तर दुसरं, मित्र असतील तर पहिलं.

शनिवारची रात्र हवी असेल तर काही आठवडे आधी आरक्षण करा. 15 ऑगस्टला पोलंडमध्ये मोठी सुट्टी असते, 5-6 जुलै आणि 28 सप्टेंबरला चेकमध्ये. आपण एका देशाचं कॅलेंडर बघतो आणि दुसऱ्या देशाची गर्दी अंगावर येते.

सावधान: 'जागा नाही मिळाली तर कुठेतरी पथारी टाकू' हा सह्याद्रीचा मार्ग इथे चालत नाही. धारेच्या दोन्ही अंगांना राष्ट्रीय उद्यानं आहेत. तंबू, उघड्यावर झोपणं, चूल पेटवणं, खुणेची वाट सोडणं, सगळ्याला मनाई आहे आणि दंड होतो. अंधार पडला आणि दुसरीकडे पोचणं शक्यच नसेल, तर पीटीटीकेचं हट जमिनीवर का होईना जागा देतं. ती अडचणीत सापडलेल्यासाठीची सोय आहे, तिच्यावर बेत आखू नका.

टप्पा 3: कागदपत्रं आणि विमा

तपासणी नाही म्हणजे ओळखपत्र नको, असं नाही. भारतीय पासपोर्टधारकाने मूळ पासपोर्ट, आणि राहण्याचा परवाना असेल तर त्याचं मूळ कार्ड जवळ ठेवायचं. मोबाइलमधला फोटो पुरत नाही. पोलंडचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा कार्ड असलेला माणूस चेकमध्ये जाऊ शकतो (180 दिवसांत 90 दिवस), आणि उलटही. भारतातून शेंगेन व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी हरकत नाही, कारण या वाटेवर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. भारतीय पासपोर्टवर लंडनहून मित्र येणार असेल तर त्याला मात्र शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचं कार्ड दाखवून भागत नाही.

विम्याच्या कागदावर तीन गोष्टी वाचा: दोन्ही देश धरलेत का, डोंगरातलं चालणं वगळलं आहे का, आणि मदतीचा फोन नंबर परदेशातून लागतो का. भारतातून काढलेल्या काही प्रवास विम्यांत 'ट्रेकिंग' वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतं. डोंगरातून उचलून खाली आणण्याचे पैसे या दोन देशांत मागत नाहीत. खाली रुग्णालयात नेल्यावर मीटर सुरू होतो.

पोलिश उद्यानाचं प्रवेश तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर प्रवेशाच्या खिडकीवर घ्या. कामिएन्चिक धबधब्याच्या घळीचं तिकीट वेगळं आहे. तिथे हेल्मेट देतात आणि रांग लागते. धार चालायची असेल त्या दिवशी घळीत उतरू नका. धबधबा वरून दिसतो, तेवढा पुरे.

टप्पा 4: दोन चलनं, दोन नेटवर्कं

पोलंडमध्ये झ्वोटी, चेकमध्ये कोरुना. युरो दोन्हीकडे अधिकृत नाही. काही हट पलीकडचं चलन घेतात, दर मात्र त्यांचा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण धारेवर वादळ झालं की मशीन बंद पडतं, म्हणून दोन्ही चलनांत एकेका जेवणाचे आणि बसच्या तिकिटाचे पैसे रोख ठेवा. शेवटच्या बसला कोरुना नाही म्हणून अडलेले लोक मी पाहिले आहेत. खिशात झ्वोटीच्या नोटा भरपूर होत्या.

फोन दर दोन मिनिटांनी देश बदलतो. युरोपीय संघातलं सिम असेल तर बिल वाढत नाही, फक्त बॅटरी झपाट्याने उतरते. भारतातून एकाच देशाचा रोमिंग पॅक घेऊन आलेल्या पाहुण्यांनी मात्र डेटा बंद ठेवावा. सगळ्यांनीच निघण्याआधी घरच्या वाय-फायवर एवढं उरकावं:

1. मापी डॉट कॉमवर दोन्ही देशांचे नकाशे उतरवून घ्या. नुसत्या गूगल मॅपवर विसंबू नका. त्यात वाटांच्या खुणांचे रंग नाहीत.
2. पोलंडचं 'रातुनेक' आणि चेकचं 'झाख्रान्का' ही दोन्ही बचाव अ‍ॅप टाकून नोंदणी करा.
3. नंबर कागदावर लिहा: कुठूनही 112, पोलिश डोंगरी बचाव दल 985 किंवा 601 100 300, चेक बचाव दल 1210.

112 फिरवला की फोन ज्या देशाचं नेटवर्क पकडून असेल त्या देशात लागतो. तुम्ही उभे पोलंडमध्ये, फोन चेककडे. शिवाय धारेवरच्या प्रत्येक ठिकाणाला दोन नावं आहेत. पोलिश नकाशातले 'चेस्क्ये कामिएन्ये' चेकमध्ये 'मुझ्स्के कामेनी' होतात. 'प्शेवेंच कार्कोनोस्का' ही खिंड पलीकडे 'स्लेझ्स्के सेद्लो'. म्हणून प्रत्येक पाटीचा फोटो काढत जा. चेक पाट्यांवर ठिकाणाचं नाव आणि उंची दोन्ही असतात. मदत मागायची वेळ आली तर शेवटची पाटी कोणती आणि तिथून किती मिनिटं चाललो, एवढं सांगता आलं तरी शोधणाऱ्याचं काम अर्धं होतं.

टप्पा 5: सॅक भरणं

सह्याद्रीत पाऊस अंगावर घेण्याची मजा असते, कारण तो कोमट असतो. इथला पाऊस पाच अंशांचा, आडवा, वाऱ्याबरोबर येतो. भिजलेला सुती टी-शर्ट अंगातली ऊब ओढून घेतो आणि तासाभरात दात वाजू लागतात. पोंचो वाऱ्यात डोक्यावर चढतो, तो घरीच ठेवा.

लागतं ते असं: आत सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर टोपीसकट जलरोधक जॅकेट, आणि जलरोधक पँट. ऑगस्टमध्येसुद्धा कानटोपी आणि पातळ हातमोजे. पायात घोट्यापर्यंतचे, सोल कडक असलेले बूट. या वाटेवर बराच भाग मोठ्या दगडी फरश्यांचा आहे, मऊ सोलच्या रनिंग शूजमधून प्रत्येक दगड तळपायाला लागतो. काठ्या दोन. गुडघे कुरकुरत असतील तर नक्कीच. हेडलॅम्प, पॉवर बँक, सगळे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. सॅकचं कव्हर वारा घेऊन जातो.

पाणी दोन लिटर. पहिल्या दिवशी प्रत्यक्ष वाटेवर जवळपास चार तास हट नाही, हे लक्षात ठेवा. खाण्याचं: ठेपले, चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू. रविवारी पोलंडमध्ये बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारच्या आत.

शाकाहारी लोकांसाठी थोडं सविस्तर, कारण उपाशी राहणारे बहुधा तेच. पोलिश हटमध्ये 'प्येरोगी रुस्क्ये' मागा. आत बटाटा आणि ताजं चीज असतं. पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरून देतात, तेव्हा 'बेझ स्क्वार्कूव' हे दोन शब्द आधी सांगा, ताट समोर आल्यावर नाही. 'झुरेक' सूप दिसायला पांढरं आणि निरुपद्रवी. त्यात सॉसेज असतं. चेक बाजूला 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज आणि बटाटे जवळजवळ सगळीकडे मिळतं. लसणाचं सूप छान असतं, पण पाणी बहुधा मांसाचं, विचारून घ्या. जंगली निळ्या बेरीचे गोड उंडे, 'बोरूव्कोवे क्नेद्लीकी', हे गोड नाव असलं तरी पूर्ण जेवण आहे.

तपासा: घरातून निघताना मूळ पासपोर्ट, विम्याचा कागद, दोन्ही चलनं, उतरवलेले नकाशे, हटचं आरक्षण. यातलं एक नसलं तरी पुढची गाडी पकडा.

टप्पा 6: पायथ्याला पोचणं

सुरुवात पोलंडमधल्या श्क्लार्स्का पोरेंबा गावातून. व्रोत्स्वाफहून येलेन्या गुरामार्गे थेट गाड्या आहेत, उतरायचं 'श्क्लार्स्का पोरेंबा गुर्ना' स्टेशनवर. प्रागहून बसने हाराखोव, आणि तिथून सीमा ओलांडणारी छोटी रेल्वे श्क्लार्स्का पोरेंबापर्यंत आणते.

स्वतःची गाडी नेणारे ती श्क्लार्स्कात लावतात. दोन दिवसांनी तीस किलोमीटर लांब ओक्रायला उतरल्यावर, गाडी डोंगराच्या दुसऱ्या टोकाला आहे हे उमगतं. गाडी येलेन्या गुराला लावा. दोन्ही टोकं तिथून बस-रेल्वेने जोडलेली आहेत.

आदल्या रात्री गावात मुक्काम केला तर उत्तम. सकाळी पहिली गाडी पकडून आलात तर चालायला अकरा वाजतात, आणि मग पहिला दिवस घाईचा होतो.

टप्पा 7: पहिला दिवस, श्रेनित्सा ते कार्कोनोस्का खिंड

वर चढायला दोन पर्याय. चेअरलिफ्ट दोन टप्प्यांत श्रेनित्साच्या (1362 मी.) माथ्याजवळ सोडते, वारा असला की बंद. नाहीतर लाल खुणांची वाट, कामिएन्चिक धबधब्यावरून हाला श्रेनित्स्काच्या हटपर्यंत आणि पुढे धारेवर, अडीच तासांच्या आसपास. लिफ्ट घेण्यात कमीपणा काही नाही. दिवसाचं खरं काम वर आहे.

लिफ्टच्या वरच्या स्टेशनवरून थोडं खाली उतरून लाल वाटेला लागायचं आणि डावीकडे, पूर्वेला वळायचं. धुक्यात इथेच काही जण परत हाला श्रेनित्स्काकडे उतरतात. वीस पावलं चालून होकायंत्र बघा.

खुणा दोन्ही देशांत सारख्याच: पांढऱ्या दोन पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी. आपली लाल. रंगावरून वाट किती अवघड हे ठरत नाही. पाट्यांमध्ये मात्र फरक आहे. पोलिश पाटी वेळ सांगते, चेक पाटी किलोमीटर. चेक पाटीवरचं '4,5' बघून 'साडेचार तास' म्हणत घाबरणारे आणि पोलिश पाटीवरचा '2' बघून 'दोनच किलोमीटर' म्हणत रेंगाळणारे, दोन्ही प्रकार भेटतात. पोलिश वेळेत थांबे धरलेले नसतात. फोटो काढणाऱ्या गटाने त्यात तिसरा हिस्सा मिळवावा.

पुढे वाट वाब्स्की श्चित या शिखराजवळून जाते. इथे दक्षिणेला, चेक बाजूला, लाबे म्हणजे एल्ब नदीचा उगम दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बांधलेलं गोल कडं आणि शेजारी नदीकाठच्या शहरांची चिन्हं. हॅम्बुर्गपर्यंत जाणारी नदी इथे ओंजळीत मावते. वेळ हातात असेल तर जा, बारा वाजून गेले असतील तर सोडून द्या.

धारेवर पुन्हा आलात की समोर कड्याच्या टोकावर मनोरा असलेली दगडी इमारत दिसते. लांबून ती हुबेहूब हट वाटते आणि चहाच्या आशेने लोक पाणी संपवून टाकतात. ते प्रक्षेपण केंद्र आहे. पूर्वी विश्रामगृह होतं, आता पर्यटकांना बंद. दार वाजवू नका, आडोशाला पाच मिनिटं बसा आणि पुढे चला.

या इमारतीच्या पायाशीच श्न्येझ्ने कोत्वी: हिमनदीने कोरलेले दोन खोल, उभ्या भिंतींचे खळगे. कठड्याच्या आतूनच बघा. खाली डोकवायला कातळावर पोटावर झोपणं हे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चालत असेल. इथला कातळ सुटा होतो, आणि वारा झटक्याने येतो.

आता दिवसातला सगळ्यात कष्टाचा पट्टा. व्हिसोके कोलो (1509 मी.) शिखराच्या कुशीतून वाट मोठमोठ्या दगडांवरून जाते. ओल असेल तेव्हा शेवाळलेला दगड टाळा, पाऊल दगडाच्या मध्यावर ठेवा, आणि बोलणं बंद. पाय मुरगळण्याचे प्रकार इथे होतात. त्यानंतर उतार, पुन्हा चढ, आणि कातळांचे दोन पुंजके: चेस्क्ये कामिएन्ये (1416 मी.) आणि श्लोंस्क्ये कामिएन्ये (1413 मी.).

वाटेकडेला पांढरे सीमादगड दिसत राहतात, एका अंगाला पोलंडचं आद्याक्षर, दुसऱ्या अंगाला चेकचं. दाट धुक्यात उंच काठ्यांची रांग आणि हे दगड दोन्ही धरून चाला. एका काठीपासून दुसरी दिसत नसेल तर एकाने काठीपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढची शोधायची.

इथून खिंडीपर्यंत 200 मीटरहून जास्त उतार आहे, तोही दगडी पायऱ्यांचा. 1198 मीटरवर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. श्रेनित्सापासून इथवर साधारण 13 किमी, थांबे सोडून चार तास.

सावधान: विजांचा गडगडाट ऐकू आला तर धारेवर थांबून अंदाज बांधत बसू नका. पश्चिमेच्या अर्ध्यात असाल तर पोलिश बाजूला वाब्स्की श्चितच्या खालच्या हटकडे किंवा चेक बाजूला लाब्स्का बोउडाकडे उतरा. पूर्वेकडच्या अर्ध्यात मार्तिनोवा किंवा पेत्रोवा बोउडा. कुठल्या देशात उतरतोय याचा विचार त्या वेळी करायचा नाही. जवळचं कुठलं, एवढंच.

टप्पा 8: खिंडीतली रात्र आणि खरा निर्णय

जेवण लवकर मागा. डोंगरातली स्वयंपाकघरं शहरासारखी दहापर्यंत चालत नाहीत. मोजे सुकवा, बाटल्या भरा, आणि उद्याचा अंदाज बघा. अंदाज श्न्येश्काच्या माथ्याचा बघायचा, गावाचा नाही. पायथ्याच्या पोलिश कार्पाच गावात 20 अंश आणि स्वच्छ, तेव्हा माथ्यावर 8 अंश, धुकं आणि उभं राहू न देणारा वारा, हे नेहमीचं.

उद्या वादळ किंवा दिवसभर पाऊस दिसत असेल तर बेत मोडायची सोय इथेच आहे. चेक बाजूला खिंडीपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि श्पिंडलेरूव म्लीन गावाची बस येते. पोलिश बाजूला चालत उतरावं लागतं. ज्यांचे गुडघे पहिल्या दिवशीच बोलू लागले त्यांनीही इथून बस धरावी. दुसऱ्या दिवशी मधून सुटणं याहून कठीण आहे.

टप्पा 9: दुसरा दिवस, श्न्येश्काच्या पायथ्यापर्यंत

सातच्या आत निघा. आठनंतर कार्पाच आणि चेक बाजूच्या पेत्स गावाहून लिफ्टने येणारी गर्दी माथ्याकडे सरकू लागते.

खिंडीतून लगेच 200 मीटरहून जास्त चढ. थंड पायांनी घाई करू नका. वर आल्यावर वाट सपाट होते आणि दीडेक तासात स्वोनेच्निक हा एकटा उभा कातळ येतो (1423 मी.). न्याहारीला ही जागा चांगली, वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं. इथून कार्पाचकडे उतरायची वाट आहे, ती लक्षात ठेवा.

पुढे वाट व्येल्की स्ताव आणि मावी स्ताव या हिमनदीच्या दोन तळ्यांच्या माथ्यावरून जाते. खाली मावी स्तावच्या काठी समोत्न्या हे लाकडी हट दिसतं. दिसतं जवळ, पण उतरून परत यायला तास-दीड तास सहज जातो. आजच्या बेतात ते बसत नाही.

मग रुंद पठार लागतं, दलदलीचं. वाट सोडायची नाही, एका पावलाने दबलेलं ते शेवाळ वर यायला वर्षं लागतात. पठारावरच स्पालोना स्त्राझ्नित्सा हा फाटा आहे. इथली सीमाचौकी जळून गेली, फाट्याला तिचं नाव राहिलं. धुक्यात लोक इथेच चुकतात, कारण सगळ्या वाटा सारख्याच रुंद आणि सपाट. पाटीवर 'दोम श्लोंस्की' हे नाव बोट ठेवून वाचा आणि मगच निघा. दहा मिनिटांत उतार सुरू झाला तर चुकलात, फाट्यावर परत या.

तपासा: दोम श्लोंस्की (1400 मी.) इथे पाणी, टॉयलेट, गरम काहीतरी, सगळं उरका. माथ्यावर या तिन्हींचा भरवसा धरू नका. वाऱ्याचं जॅकेट इथेच चढवा. चढायला लागल्यावर सॅक उघडायची तर हातातली वस्तू उडून जाते.

टप्पा 10: शेवटचे 200 मीटर

दोन वाटा. सरळ चढणारी साखळ्यांची नागमोडी वाट अर्ध्या तासाची, आणि डोंगराला वळसा घालणारी रुंद युबिलेउशोवा वाट पाऊण तासाची. साखळीची वाट हिवाळ्यात बंद असते आणि गर्दीच्या दिवसांत एकदिशा करतात, पाटी बघा. ओल, वारा, लहान मुलं किंवा ज्येष्ठ मंडळी यांपैकी काहीही असेल तर रुंद वाट. साखळी ही आधाराला आहे, लोंबकळायला नाही. गडगडाट असेल तर लोखंडाजवळ जायचंच नाही.

माथ्यावर पोलिश बाजूला तबकड्यांसारखी वेधशाळा आणि 17व्या शतकातलं गोल चर्च, चेक बाजूला टपालाचं छोटं घर. तिथून घरी पोस्टकार्ड टाकता येतं. कोरुना लागतात, दोन्ही देशांची तिकिटं आपसांत चालत नाहीत. वीस मिनिटं पुरे. घाम सुकला की थंडी आत शिरते.

दमलेल्यांसाठी इथून दोन सुटका: चेक बाजूला पेत्सला उतरणारी केबल कार, किंवा दोम श्लोंस्कीला परत येऊन कोपाची चेअरलिफ्ट, जी कार्पाचला सोडते. दोन्ही वाऱ्यात थांबतात आणि शेवटची फेरी दुपारनंतर लवकरच असते. म्हणून वेळ सकाळीच बघून ठेवा.

टप्पा 11: ओक्रायला उतरणं

माथ्यावरून पूर्वेला निघालात की गर्दी एकदम तुटते. बहुतेक लोक आले तसे परत जातात, त्यामुळे इथे मागून कुणी येईल या भरवशावर राहू नका. दगडी पायऱ्यांचा उतार, मग सीमेवरची निमुळती धार, आणि खाली चेक बाजूचं येलेन्का हट. सूप प्यायला शेवटची चांगली जागा.

सोव्या खिंड (1164 मी.) आली की घड्याळ बघा. इथून कार्पाचला उतरायची काळ्या खुणांची वाट आहे. चार वाजून गेले असतील, किंवा पाय थकले असतील, तर ती घ्या. कारण पुढे स्काल्नी स्तूव (1281 मी.) हा शंभरावर मीटरचा चढ उरलेला असतो आणि 'आता नुसता उतारच' म्हणून आलेल्या माणसाला तो फार लागतो.

ओक्राय खिंड (1046 मी.) म्हणजे चेकमध्ये पोमेझ्नी बोउडी. चेक बाजूची बस जास्त भरवशाची. ती त्रुत्नोवकडे जोडणी देते आणि प्रागला जाणाऱ्यांना सोयीची. पोलिश बाजूची बस मोसमी आहे. ती नसेल तर कोवारीपर्यंत दीड-दोन तास पायी उतरावं लागतं, आणि तिथून येलेन्या गुराची बस. हे वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी बघा, आठवड्याच्या दिवसांचं आणि रविवारचं वेगळं असतं. स्काल्नी स्तूववर असतानाच दोन्ही बसची वेळ आणि आपला वेग जुळवा. चुकणार असं दिसलं तर चेक बाजूच्या हटमध्ये खोली विचारायला फोन तिथूनच करा, खाली पोचून नाही. अंधार पडल्यावर खोल्या भरलेल्या असतात.